गुरूंचं वजनमाप

रत्नागिरीत आजवर जेवढे महाराज, स्वामी, बाबा आणि माताजी उतरले, त्यांच्यातला एकही माझ्या आत्याच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्या, तपासणीतून धड सुटलेला नाही. काही जण तर पुन्हा इकडे फिरकलेच नाहीत, आणि ते केवळ आपल्यामुळे, असं काकांचं ठाम मत आहे. माझ्या मते त्यात इथल्या उकाड्याचा आणि मंगल कार्यालयाच्या तापलेल्या पत्र्याचाही थोडा वाटा असावा, पण हे मी काकांना कधी बोलून दाखवलं नाही. मी फारसं कुणालाच काही बोलून दाखवत नाही. काकांचं आणि माझं जमलं ते नेमकं या गुणामुळे.

काका वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की मासळीवाल्या आधी तराजू पुसायच्या आणि मग पापलेट. भाजीवाले पारड्याखाली चिकटवलेला चिंचेचा गोळा काढून सरळ तोंडात टाकायचे. पुरावा नष्ट करण्याच्या या पद्धतीचा काकांना फार राग, कारण समोर उभा माणूस चिंच चघळतोय हे दिसत असूनही काही करता येत नाही. चिंच खाणं हा गुन्हा नाही. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही. स्वयंपाकघरातला काटा तपासून झाला, दूधवाल्याने कंटाळून नवं माप आणलं, शिंप्याची टेप बोटभर आखूड निघाली म्हणून तो अजून त्यांच्याशी बोलत नाही. अशा रिकाम्या दिवसांत एका संध्याकाळी आत्याने अनुग्रहाचा विषय काढला.

आत्या शांत आणि हसरी आहे, आणि भजनी मंडळात झांजा वाजवते. तिच्या मंडळातल्या प्रत्येकीला गुरू होते. कुणाचे नाशिकचे, कुणाचे कर्नाटकातले, एकीचे तर थेट हिमालयातले, फक्त त्यांची शाखा पनवेलला होती. एकट्या आत्यालाच नव्हते. तिच्या माहेरी, म्हणजे आमच्या घरात, अनुग्रह जोडीने घेण्याची पद्धत आहे. नवराबायकोने शेजारी बसायचं, गुरूंनी एकाच बैठकीत दोघांच्या कानात मंत्र सांगायचा आणि तिथून पुढे रोज सकाळी दोघांनी तो मनातल्या मनात जपायचा. आत्याचे आईवडील असे बसलेले तिने लहानपणी पाहिले होते. त्यामुळे तिला गुरू तर हवेच होते, पण शेजारी काकाही हवे होते. काका म्हणाले, माझी हरकत नाही, फक्त माल तपासून घेऊ. आत्याने मान डोलावली. तपासणी किती वर्षं चालेल याची तेव्हा तिला कल्पना नव्हती.

छापा म्हटला की पंच हवा. आत्या पंच होऊ शकत नव्हती, कारण ती समोर दिसेल त्या महाराजांना नमस्कार करायची, आणि काकांच्या भाषेत ती फितूर साक्षीदार होती. मग मी. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, काम घरून लॅपटॉपवर, स्वभाव कोपऱ्यात बसून बघण्याचा. शिवाय मला गाडी येते आणि काकांना येत नाही. पहिल्या दिवशी मी अनुग्रह म्हणजे काय ते विचारलं. काका म्हणाले, “शाळेत ॲडमिशन घेतात तसं गो. फक्त फी त्यांनी आधी सांगितली तर शाळा नाही, दुकान समजायचं.” माझ्या शाळेने आधीच सांगितली होती, पण मी गप्प बसले.

काकांचा पहिला नियम असा की तपासणीला पुढच्या दाराने जायचं नाही. दुकानाच्या दर्शनी भागात खोटा तराजू कधीच नसतो. एका उन्हाळ्यात एक फलाहारी महाराज आले होते. बारा वर्षं अन्नाला शिवलेले नाहीत, असं त्यांच्या फलकावर लिहिलेलं होतं. पुढे मांडवात अभंग चाललेले, आत्या पहिल्या रांगेत झांजा घेऊन, आणि आम्ही दोघं मागच्या बाजूला स्वयंपाकघराच्या दारात. काकांनी आत डोकावून, सिलिंडर कुठे ठेवायचाय, असं अधिकाराने विचारलं. आचाऱ्याने कोपरा दाखवला. शेजारीच तव्यावर बांगडे चुरचुरत होते. हे कुणासाठी, असं विचारल्यावर आचारी निरागसपणे म्हणाला, महाराजांसाठी, त्यांना कडक लागतात. काकांचा बांगड्याला विरोध नाही, त्यांचा स्वतःचा जीव बांगड्यावर आहे. बाहेर आल्यावर ते म्हणाले की गुन्हा खाण्यात नाही, फलक लावण्यात आहे. मात्र बाहेर येण्याआधी आचाऱ्याने आग्रह केला म्हणून त्यांनी एक बांगडा खाल्ला होता. त्या दिवशी गुरुवार होता आणि काका गुरुवारी मासे खात नाहीत. मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. “तो नमुना होता,” ते म्हणाले, “ड्यूटीवर वार नसतो.”

दुसरी परीक्षा समान मापाची. पंचतारांकित हॉटेलवाला येवो नाहीतर हातगाडीवाला, किलो म्हणजे किलो, हे काकांचं तत्त्व. आशीर्वादालाही ते तसंच लावायचे. आंब्याच्या दिवसांत ते आत्याच्या हातात हापूसची पेटी द्यायचे आणि माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एकच रायवळ आंबा, तोही जरा डागाळलेला. आम्ही दोघी रांगेत पुढेमागे उभ्या राहायचो आणि काका खांबाआडून बघत राहायचे. एका माताजींनी पेटी बघून आत्याचा हात धरला, तिच्या मागच्या तीन जन्मांची चौकशी केली, दोन सांगितले आणि तिसऱ्यासाठी पुन्हा यायला सांगितलं. माझ्या आंब्याकडे त्यांनी बघितलं, मग माझ्याकडे, आणि शेजारच्या सेविकेला नुसती भुवई उडवली. मी विभूतीसकट मांडवाबाहेर होते. अनोळखी माणसाशी बोलावं लागलं नाही म्हणून मला खरं तर बरंच वाटलं होतं. पण काका परतीच्या वाटेवर टपरीवर चहा घेताना मोठ्यांदा पंचनामा सांगायला लागले, तेव्हा माझा उल्लेख “मापात मारलं गेलेलं गिऱ्हाईक” असा झाला.

तिसरी परीक्षा ही काकांची सर्वांत आवडती, आणि पुढचं सगळं रामायण तिच्यापायी झालं. ते म्हणायचे, खरा माणूस ओळखायची एकच खूण आहे, त्याला माहीत नसलं की तो माहीत नाही म्हणतो. म्हणून त्यांनी एक देव तयार केला. त्याचं नाव खडपेश्वर. इथे खडकाला खडप म्हणतात, त्यामुळे नावाला गावचा वासही आला. भाट्याच्या पुढे जो उघडा कातळ आहे, ज्याला आम्ही सडा म्हणतो, तिथे या खडपेश्वराचं स्वयंभू स्थान आहे, असं काका हात जोडून सांगायचे आणि विचारायचे, महाराज, त्याचं माहात्म्य काय? एकही महाराज अडला नाही. एकाने सांगितलं, पांडवांनी स्थापना केली. दुसऱ्याने त्याच्यापुढे स्वतः तप केलं होतं आणि वाघ येऊन पाय चाटून गेला होता. तिसरे जरा सावध होते, डोळे मिटून म्हणाले, तो विषय आत्ता नको, देव कोपेल. काका हे सगळं दोन्ही हात जोडून, मान डोलवत ऐकायचे आणि गाडीत बसले की पोट धरून हसायचे. आत्या मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत बसायची. तिची झांजांची पिशवी मांडीवर असायची. आणखी एक गुरू गेला, एवढंच तिच्या हिशेबी असायचं.

मग तिला माई सापडल्या. पावसच्या पुढे एका वाडीत, बागेतल्या कौलारू घरात राहणाऱ्या एक वृद्ध बाई. फलक नाही, मांडव नाही, दर एकादशीला ओसरीवर पाचदहा माणसं. आत्या तिथे मैत्रिणीबरोबर जायला लागली होती, आणि पहिल्यांदाच ती काकांना म्हणाली, यांना तपासाच. आम्ही गेलो, अर्थात मागच्या दाराने. मागच्या दारात माई स्वतःच फणसाच्या आठळ्या सोलत बसल्या होत्या. त्यांनी काकांना वर बघून विचारलं, नारळ पाडायला आलात का, गडी अजून यायचाय. काका गडबडून म्हणाले की सहज आलो. मग बसा, म्हणाल्या, आणि एक सूप त्यांच्यापुढे सरकवलं. निरीक्षक अर्धा तास आठळ्या सोलत होते. समान मापाची परीक्षाही बारगळली. पावसच्या बागेत आंबे घेऊन जाणं हा तसा वेडेपणाच. माईंनी पेटी आणि माझा डागाळलेला आंबा दोन्ही बघितले, म्हणाल्या, अहो इथे कुजतायत, उलट तुम्हीच चार घेऊन जा, आणि आम्ही आणले त्याच्या दुप्पट आंबे घेऊन निघालो. निघताना काकांनी हात जोडून खडपेश्वराचं विचारलं.

“माहीत नाही हो,” माई म्हणाल्या. “असेल. तुम्ही बघितलात की मला सांगा.”

आत्याने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. टपरी आली, चहा आला, पंचनामा होईना. शेवटी काका घसा साफ करून म्हणाले, निकाल राखून ठेवला आहे. त्यानंतर दोन पावसाळे तो राखूनच ठेवलेला होता. आत्याने विचारलं की म्हणायचे, अजून एक मुद्दा तपासायचाय. मुद्दा कुठला ते मला हळूहळू समजत गेलं. माई पास झाल्या, तर पुढचं काम काकांचं होतं. त्यांना कुणापुढे तरी खाली बसून डोकं वाकवावं लागणार होतं, आणि ते त्यांनी जन्मात केलेलं नव्हतं. ते तराजूसुद्धा बघायला वाकायचे नाहीत, दुकानदाराला तो वर धरायला लावायचे.

दरम्यान खडपेश्वराने स्वतःचा संसार मांडला. काकांनी इतक्या मांडवांत, इतक्या लोकांसमोर, इतक्या श्रद्धेने त्याचं नाव घेतलं होतं की दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. आधी आत्याच्या मंडळात कुणीतरी विचारलं, हा जागृत देव कुठे आहे हो? मग व्हॉट्सॲपवर निरोप फिरला की खडपेश्वराला नारळ दिला की बदली रद्द होते. मग कुणाला तरी सड्यावर एक गोलसर दगड सापडला, दुसऱ्या कुणीतरी त्याला शेंदूर लावला, आणि एक दिवस आत्या घरी येऊन शांतपणे म्हणाली की मंडळाची सहल ठरली आहे, रविवारी, खडपेश्वरला. काकांच्या हातातला चहा बशीत सांडला.

ते सहलीला आले ते थेट भंडाफोड करायला. मी गाडी चालवली. सड्यावर बघते तर दगडाभोवती चार बांबूंवर निळी ताडपत्री, शेजारी नारळ विकणारी एक म्हातारी बाई, आणि मंडळ टाळमृदंगासह सज्ज. काकांनी पुढे होऊन खणखणीत आवाजात सांगितलं, की हा देव नाही, हा साधा दगड आहे, आणि हे नाव मी माझ्या डोक्यातून काढलंय. मग मंडळातल्या हिमालयवाल्या बाई हळूच म्हणाल्या की खरंच, हे नाव आपण पहिल्यांदा यांच्याच तोंडून ऐकलं. म्हणजे देवाने नाव प्रकट करायला यांचं मुख निवडलं. सगळ्या जणी काकांकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागल्या. काका म्हणाले, अहो, मी थट्टा करत होतो. त्यावर, मोठी माणसं थट्टेतूनच सांगतात, असं उत्तर आलं. कुणीतरी मुलीच्या लग्नाचं विचारलं, कुणी गुडघ्याचं. घामाघूम झालेले काका शेवटी जवळजवळ ओरडले, “मला काही माहीत नाही!”

नारळवाली म्हातारी हातातला कोयता बाजूला ठेवून उठली. “बगा,” ती सगळ्यांना म्हणाली, “खरा मानूस हा असा बोलतो. खोटा असता तर सतरा गोष्टी सांगितल्या असत्या.” आणि तिने वाकून काकांच्या पायाला हात लावला.

आपल्याच परीक्षेत काका पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले होते. मंडळातल्या बायका ओळीने वाकायला लागल्या. मी जन्मात पहिल्यांदा चारचौघांत मोठ्यांदा हसले आणि ते लपवायला ताडपत्रीच्या मागे गेले, तर तिथे आत्या आधीच पदर तोंडात कोंबून बसली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

परत येताना टपरीवर चहा आला, तो निवला. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “पंच, खरं सांगू? पायाला हात लावला ना त्यांनी, बरं वाटलं गो. एवढ्याशा वेळात बरं वाटायला लागलं. आणखी थोडा थांबलो असतो तर वाघाची गोष्ट मीच सांगितली असती.”

उत्तर आत्याने दिलं. ती इतकी वर्षं मागच्या सीटवर साठवून ठेवल्यासारखी, पण आवाज न चढवता बोलली. “अहो, माई हल्ली दिवसभर झोपूनच असतात. मला त्यांच्याकडून अनुग्रह हवाय, आणि तुम्ही शेजारी हवेत. दोन्ही मिळणार नसेल तर तसं सांगून टाका, म्हणजे मी वाट बघायची थांबेन.”

काकांनी निवलेला चहा एका घोटात संपवला आणि एकादशी कधी आहे ते विचारलं.

आम्ही गेलो तेव्हा माईंना उशीला टेकवून बसवलेलं होतं. त्या फार बारीक झाल्या होत्या, पण नजर ताजी होती. काकांना बघून त्यांनी विचारलं, सापडला का तुमचा तो देव? काकांनी मान खाली घालून सगळी हकीकत सांगितली, वाघासकट, नारळवालीसकट. माई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्या आत्याकडे वळल्या. हिला मी केव्हाच म्हटलं होतं, त्या काकांना म्हणाल्या, की जोडीचा नियम तुमच्या घरातला, माझा नव्हे. एकटी ये, मी देते. ही आली नाही.

काकांना हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्यांनी आत्याकडे बघितलं. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “एकटीला नको होतं,” ती म्हणाली. “तुम्ही बाहेर उभे राहिला असतात. माझं लक्ष लागलं नसतं.”

काका बसले. त्यांचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून आधी एक हात भिंतीला, मग एक हात माझ्या खांद्यावर, मग एक पाय पुढे पसरून, असे टप्प्याटप्प्याने ते जमिनीवर आले. पंचांचं काम संपलं होतं. मंत्र दुसऱ्याने ऐकायचा नसतो, म्हणून मी बाहेर बागेत जाऊन उभी राहिले आणि दार ओढून घेतलं.

निघताना काका पुढे माझ्या शेजारी न बसता मागे आत्याजवळ बसले. टपरी आली, मी गाडी हळू केली, पण मागून कुणी थांब म्हणालं नाही. भाट्याचा पूल आला, वारा आत आला, आणि मी सहज आरशात बघितलं. दोघांचे डोळे मिटलेले होते, ओठ आवाज न करता हलत होते. काकांचे भरभर, कुठलंही काम लवकर उरकून टाकायच्या त्यांच्या सवयीने, आणि आत्याचे सावकाश. काका बरेच पुढे निघून गेले असावेत. मग त्यांनी एक डोळा किलकिला करून आत्याकडे बघितलं, आणि तिचे ओठ चालू आहेत हे पाहून ते थांबले. पूल संपला, नाका गेला, तरी ते तसेच ओठ मिटून, तिचा जप होण्याची वाट बघत बसून होते. मी गाडी आणखी जरा हळू केली.